दोन भरल्या बादल्या

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी खाल्ली तेव्हा मी घाबरलो नव्हतो. परळच्या इस्पितळात मात्र घाबरलो. बायकोच्या अंडाशयातली गाठ डॉक्टरांनी कापून काढली होती. आयाबाईने ती इनॅमलच्या भांड्यात आणून दाखवली. आत केसांचा गुंता होता आणि दोन दात.

"ही करणी आहे," मी म्हणालो.

"करणी कसली, दादा? माझ्या पोटातनं पण अशीच काढली."

"मग आमची ही जगेल?"

"मी मेलेली दिसते काय तुम्हाला?"

पदर खोचून तिने दोन भरल्या बादल्या उचलल्या. कुणापुढे नमायची मला सवय नाही, म्हणून तिला हात जोडले नाहीत, नावही विचारलं नाही. पण बायको शुद्धीवर येईपर्यंत त्या बाईला जिना चढताना बघत राहिलो. प्रत्येक खेपेला पाणी सांडत नाही ना, एवढंच बघत होतो.