क्रशरसमोरचे दोन किलोमीटर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., भौतिकशास्त्र घेऊन, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगते. बरुआसागरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, राहते झाँसीत. माझे वडील, अण्णा, फौजेत ड्रायव्हर होते. साताऱ्याकडून निघाले, झाँसीजवळच्या बबिन्यात रिटायर झाले आणि इथंच घर केलं. मला गिअरची मोटारसायकल त्यांनीच शिकवली. शेजारी म्हणायचे, भाईसाहब, लड़की को स्कूटी दिला दो. अण्णा घरात येऊन म्हणायचे, "बशीएवढी चाकं त्या स्कूटीची. ती सडक काय धरणार?"

पावसात गाडी कशी चालवायची याचे त्यांचे नियम ठरलेले होते. पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. पांढऱ्या पट्ट्यावर चाक घालायचं नाही. पुलाच्या लोखंडी सांध्यावर गाडी सरळ ठेवायची, तिथं वळायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की भुरभुर असताना निघायचंच नाही. धो धो पाऊस झाला, अर्धा तास झाला, की मग खुशाल निघा.

लोकांना हे उलटं वाटतं. पण बरुआसागर ते झाँसी रस्त्यावर एका ठिकाणी दोन्ही बाजूंना गिट्टीचे, म्हणजे खडीचे, क्रशर आहेत. दिवसभर डंपर जातात, त्यांच्यातून दगडाची पूड सांडते, वर डिझेल ठिबकतं. महिनोन्‌महिने हे साठत राहतं. मोठा पाऊस ते सगळं धुऊन खड्ड्यात नेतो. भुरभुर मात्र त्याचा राखाडी लेप करते, भज्यांच्या पिठासारखा. मी अण्णांना घर्षण समजावून सांगायची. ते म्हणायचे, "घर्षण तुझ्या वहीत, मास्तरीणबाई. सडकेवर नुसतं निसरडं असतं."

गेल्या जानेवारीत पेपर तपासत बसले आणि माझी बस चुकली. ऑटो होत्या. पण त्यात कोंबून बसवतात, मला नको वाटलं. मी अण्णांना फोन केला. "थांब तिथंच, आलोच," ते म्हणाले. आभाळ भरलेलं मला खिडकीतून दिसत होतं. तरी मी नको म्हणाले नाही. हे मी लिहून ठेवते, कारण घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दहा मिनिटांत भुरभुर सुरू झाली. हिवाळ्यातल्या या पावसाला इकडे महावट म्हणतात. गव्हाला चांगला, त्यामुळे सगळे खूश असतात. शाळेसमोरचा चहावालासुद्धा खूश होता. मी फोन लावला. लागला, पण उचलला नाही. परत लावला. चार वाजले होते आणि उजेड सहा वाजल्यासारखा झाला होता.

साडेचारला एक दूधवाला मोटारसायकलवरून आला, कॅन उतरवून चहा मागितला आणि चहावाल्याला म्हणाला, "उतै गिट्टी वाली रोड पे मत जइयो भैया. बहुत रिपट रई है. अबै एक बब्बा गिरे." तिकडं निसरडं होतं, कुणी म्हातारा पडला होता.

"कैसे थे?" मी विचारलं.

"बूढ़े थे, मैडम जी. उठ के बैठ गए थे. हमाए पीछे डंपर लगो थो, हम रुके नईं."

"गाड़ी कौन सी थी?"

"कीच में का दिखे."

मी त्याच्याकडे बघत राहिले, तसा तो चहा अर्धा टाकून निघून गेला. फोन आता लागतच नव्हता. आल्याची पोती घेऊन एक पिकअप झाँसीकडे निघाला होता, त्याला हात करायला मी रस्त्यावर गेले, तेवढ्यात समोरून आमची गाडी आली. अगदी सावकाश. दुसऱ्या गिअरमध्ये होती, आवाजावरून कळलं.

अण्णा उतरले. तोंड पुसलेलं होतं. पण डावा कान राखाडी होता, आणि डाव्या बाजूला स्वेटर खांद्यापासून कमरेपर्यंत राखाडी.

"डंपरनं पाणी उडवलं," ते म्हणाले.

"एवढ्याशा पावसात?"

"खड्डा होता."

मी गाडीला फेरी मारली. डावं फुटरेस्ट आत वाकलेलं होतं. क्लचच्या दांड्याचं टोक मोडलेलं. "तुम्ही पडलात," मी म्हणाले.

"गाडी पडली. मी उतरलो."

"अण्णा."

"सारी नोकरी झाली, पहाडावर गाडी चालवली, बर्फात चालवली. खरचटलंसुद्धा नाही कधी. चहा सांग, आलं टाकून."

चहा त्यांनी उजव्या हातानं घेतला. डावा हात मांडीवर ठेवला होता, पाहुण्यासारखा. मी म्हटलं दाखवा. ते म्हणाले, थंडीनं आखडलाय.

आम्ही मोठ्या पावसाची वाट बघत बसलो. तो येईना. भुरभुर थांबेना. पाच वाजत आले. चहावाला म्हणाला, "बाबूजी, पानी रुका तो कोहरा गिरेगा." खरंच होतं ते. आता निघालो तर लेपावरून जायचं, थांबलो तर अंधारात धुक्यातून आणि शिवाय लेपावरून. शहाणपण होतं ते गाडी चहावाल्याकडे ठेवून ऑटोत बसण्यात. मी तसं म्हटलंही.

"गाडी ठेवून गेलो तर तुझी आई काय विचारेल?"

"विचारेल की पडलात का."

"मग?"

"मग सांगा, पडलो."

ते उठले आणि गाडीकडे गेले. उजव्या हातानं हँडल धरलं. डावा हात क्लचपर्यंत नेला, बोटं वळवायचा प्रयत्न केला, आणि तसेच उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. मग म्हणाले, "तू चालव. मला जरा मागं बसून बघू दे, विसरलीस का काय."

मी ऐकायला नको होतं. पण मीही त्यांचीच पोर.

पहिले काही किलोमीटर बरे गेले. बेतवा नदीच्या पुलावर सांधे आले तशी मी गाडी सरळ धरली, मागून आवाज आला नाही, म्हणजे पास. ते मला धरून बसले नव्हते. उजव्या हातानं मागचं कॅरिअर धरलं होतं. डावा कुठे होता ते मला दिसत नव्हतं.

मग क्रशर आले. रस्त्याचा रंगच बदलला. दोन्हीकडचे शेड, झाडं, आभाळ, सगळं एकाच राखेचं. मी गॅस कमी केला. पुढचं चाक जड झालं, मग हलकं झालं, आणि मला जमीन लागेना.

"ब्रेकला हात लावू नको," अण्णा कानाशी म्हणाले. आवाज एकदम सपाट. "गिअर तोच ठेव. डंपरच्या चाकाची वाट धुतलेली आहे, त्यातून चल. कडेला जाऊ नको."

मी त्या वाटेत आले. पाठीमागं हॉर्न वाजला. आरशात दोन मोठे दिवे.

"मागं डंपर आहे."

"असू दे. तो त्याचं बघेल. पाय खाली काढू नको."

मागचं चाक एकदा डावीकडे सरकलं, वीतभर. अण्णा हलले नाहीत. त्यांनी अंग हलवलं असतं तर आम्ही गेलो असतो. चाक आपणहून परत आलं. हॉर्न परत वाजला, आता जवळून.

तेव्हा मला ती खूण दिसली. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला लेपावर एक लांब फराटा होता, फुटरेस्टनं काढलेला, आत काळं डांबर दिसत होतं. तो अण्णा आले त्या बाजूनं सुरू होऊन मधला पट्टा ओलांडून आमच्या बाजूला आला होता आणि तिथं रुंद पसरला होता, माणसाच्या पाठीएवढा. त्या पसरलेल्या जागेवरून डंपरच्या दुहेरी चाकांचे ठसे सरळ गेले होते. अजून भरून न आलेले. ते तिथून उठले आणि डंपर गेला, यांच्या मध्ये किती वेळ गेला असेल ते मी मोजायला लागले. एक मिनिट. की त्याहून कमी.

"तिकडं बघू नको," अण्णा मागून म्हणाले. "पुढं बघ."

एवढंच ते त्याबद्दल बोलले. मला आजतागायत तेवढंच मिळालं आहे.

झाँसीत शिरल्यावर मी घराकडे न वळता दवाखान्याकडे वळले. एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, चोट कैसे लगी?" अण्णा म्हणाले, "जीने से फिसल गया." डॉक्टरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. इजा कशानं, हा रकाना मीच भरला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण ते बघत होते.

"काय लिहिलंस?"

"झालं ते."

ते दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलायचे, कुत्र्याशी बोलायचे. आईनं कागद माझ्याकडून वाचून घेतला, ऐकला आणि गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात टाकली.

प्लास्टर निघून महिने झाले, हात अजून पुरता वळत नाही. परवा सकाळी धुकं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. मला गाडीचा आवाज आला. बाहेर गेले तर अण्णा फाटकाशी गाडी लावून उभे, कानटोपी घालून, बाहीला पिठाचा डाग.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. बॅटरी उतरते, म्हणून सुरू करून ठेवली."

फाटक उघडं होतं. मी ते लावलं आणि तिथंच उभी राहिले. ते गाडी बंद करतील म्हणून वाट बघितली. त्यांनी उजव्या हातानं गॅस थोडा वाढवला, कान देऊन आवाज ऐकला, आणि डाव्या हाताची बोटं क्लचवर एकेक करून ठेवून बघत राहिले. शाळेची वेळ होत आली होती. मी हलले नाही.