करंगळी नसलेला हात

गिटार हातात आली की दिगंबरकाका ती आधी वाजवायचे नाहीत. एक डोळा मिटून तिच्या मानेवरून लांबवर पाहायचे आणि तो डोळा न उघडताच विचारायचे, "वाजवणारा कुठी हाय?" गिटार घेऊन आलेला माणूस पुढ्यात उभा असताना हे विचारणं म्हणजे कमालच! पहिल्यांदा तर मला रागच आला होता. मी काय भूत म्हणून उभा होतो का तिथं?

वाशीमला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं पत्र्याचं दुकान होतं. आता ना दुकान राहिलं, ना काका. भर दुपारीसुद्धा आत उजेड जेमतेम असायचा. भिंतीला बँजो, गिटारी टांगलेल्या. बाहेरून ट्रक गेला की त्या सगळ्यांच्या तारा एकदम हलकेच गुणगुणायच्या. काका वर न बघता "हो, आयकलं" म्हणायचे आणि काम पुढं चालू ठेवायचे. त्यात थट्टा नसायची, म्हणून ते जास्तच अंगावर यायचं.

मी नेली ती इलेक्ट्रिक गिटार माझ्या मोठ्या भावाची, सुधीरदादाची होती. आम्ही वाशीमजवळच्या अनसिंगचे. दादा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं तो गेला. आई रडली नाही. त्याचं नावही घेतलं नाही तिनं, आणि खरं सांगतो, मला तिची फार भीती वाटायची. गिटार तापलेल्या पत्र्याला टेकून तशीच पडून राहिली. मग ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, तुळशीचं लग्न लागेपर्यंत तू तयार हो, नाहीतर सुधीरच्या जागी दुसरा घेतो. दादाची जागा परक्याला? छे! पण गिटारच्या तारा मानेपासून इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या, की दाबता दाबता माझी बोटं सोलून निघाली. काकांकडे जा म्हणून त्याच लोकांनी सांगितलं आणि वर बजावलं, की मेलेल्या माणसाचं वाद्य काका घेत नाहीत. म्हणून मी ठोकून दिलं, गिटार माझीच आहे.

 मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून काकांनी सावकाश नख फिरवलं. मग माझा डावा हात ओढून घेतला आणि माझी करंगळी दाबून पाहिली.

"तुही तं धडधाकट हाय," ते म्हणाले. "हे जो वाजवे, त्याले करंगळी नव्हती."

 दादाची करंगळी सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये गेली होती आणि काकांनी दादाला जन्मात पाहिलं नव्हतं. तीन बोटांच्या जागी पट्ट्यांना खळगे पडले होते, चौथ्याची जागा कोरी होती, हे त्यांनी नंतर दाखवलं. पण त्या क्षणी माझी बोबडीच वळली. भाऊ वाजवतो कधीमधी, पुण्याला असतो, असं काहीतरी मी बरळलो.

त्यांनी मानेतला लोखंडी गज आवळला, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी खाली घेतली. तारा झकास बसल्या. दुसऱ्या दिवशी न्यायला गेलो तर पुन्हा वर. परत आवळलं, परत वर. तिसऱ्या खेपेला काका गिटार मांडीवर घेऊन नुसतेच बसलेले. मी वैतागून म्हणालो, लाकूडच ते, उन्हानं वाकत असेल. त्यांनी ते कबूल केलं. मग म्हणाले, "मेलेल्याचं मी घेतो रे. लोकं उगाच सांगतात. फक्त घरच्यानं वाद्यासमोर तसं सांगा लागते. तू सांगतलं काय?"

नव्हतं सांगितलं. वाद्याला सोडा, कोणालाच नाही. घरात आम्ही "ते झालं तेव्हा" एवढंच म्हणायचो.

"दादा मेला," मी म्हणालो.

भिंतीवरच्या सगळ्या तारा गुणगुणल्या. मी वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. या वेळी काकाही "आयकलं" म्हणाले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर तारा खालीच राहिल्या. योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. पण खाली आलेल्या तारा आता दादाच्या खळग्यांपाशी पट्ट्यांना लागून खरखरायला लागल्या. काका म्हणाले, पट्ट्या घासून सपाट केल्याशिवाय सूर निघायचा नाही, आणि घासल्या की त्याच्या बोटांच्या खुणा जाणार. नको असेल तर गिटार घरी ने, हार घाल, पण मग वाजवायची आशा सोड. मी त्या खळग्यांत माझी तीन बोटं ठेवून पाहिली. बरोबर बसली. कितीतरी वेळ मला ती उचलवेनात.

"घासा," मी म्हणालो.

त्यांनी कानस माझ्याच हातात दिली. "पह्यला हात घरच्याचा."

मी घासत गेलो. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मानेवर करडी भुकटी साठत होती. ती फुंकून टाकायला गेलो तर काकांनी हात धरला. सगळी भुकटी कागदावर झाडून घेतली, पुडी बांधली, माझ्या खिशात घातली. "आईले दे. अन् इथं जे म्हटलं ते तिच्यासमोर म्हण."

संध्याकाळी आई ओट्यावर तूर निवडत होती. पुडी तिच्या हातावर ठेवून मी सगळं सांगितलं. ते वाक्यही तिच्यासमोर म्हणालो. तिनं पुडी उघडली. त्या चिमूटभर भुकटीकडे ती बघत राहिली, जणू तिथं कोणी निजलेलं असावं. मग पदराआड पुडी छातीशी धरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "माहा सुधीर मेला रे!"

शेजारच्या बाया धावत आल्या. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या घरात कोणी रडत होतं.