राखेखालची भुरी

द्राक्षाच्या पानावर पांढरं दिसलं, तर ती चुलीतली राख की रोग, हे तुम्ही कशावरून ठरवता?

डोळ्यांनी, असंच म्हणाल. मीही तसंच म्हणत होतो, आणि चांगला मोठ्या आवाजात म्हणत होतो. म्हणून आधी द्वारकाबाईंची हकीकत ऐका.

द्वारकाबाई वडगाव निंबाळकरच्या. माहेर पळसदेवचं, भीमेच्या काठाचं. घराला लागूनच भोयांची वस्ती, त्यांच्या अंगणात मासळी वाळत असायची. बाईंना अक्षरओळख नाही. नवरा कुंडलिक. त्यानं नाशकाकडून भोकरी जातीच्या काड्या आणल्या, कालव्याच्या पाण्यावर पंधरा गुंठ्यांत पांगाऱ्याचे खुंट लावले आणि त्यांवर दोनशे वेल चढवले. वेल फळाला यायच्या आतच तो तापानं गेला. जमीन धाकट्या दिराच्या, महिपतीच्या हाती आली. बाग मात्र बाईंनीच सांभाळली. छाटणी, बांधणी, पाणी, सगळं एकटीनं.

महिपतीला तिथं ऊस लावायचा होता. चहूकडं ऊस उभा राहत होता आणि मधे ही पंधरा गुंठ्यांची बाग त्याच्या डोळ्यांत सलत होती. एकोणीसशे छत्तीस साली दिवाळीत घरात बोली झाली. तो म्हणाला, "औंदा माल धड आला तर बाग ऱ्हाईल, वयनी. न्हाय आला तर माघी पुनवंनंतर कुदळ." बाईंनी मान हलवली. दुसरं काही हलवण्याजोगं त्यांच्या हातात नव्हतं.

आता राखेचं सांगतो. आमच्याकडं वेलांवर राख टाकायची रीत आहे. महिनाभर चुलीची राख रांजणात साठवायची, चाळायची आणि अमावास्येच्या सकाळी दव असताना वेलांवर उधळायची. उडद्या म्हणून एक बारीक भुंगा कोवळी पानं खातो, तो राखेनं हटतो. रीत वाईट नाही. शेतकऱ्यांचा पुढारी म्हणून मीच ती गावोगावच्या सभांतून सांगत होतो. फुकटचं औषध आहे, दुकानदाराच्या पायरीला जाऊ नका, म्हणून. मी कुठल्या कॉलेजात गेलेलो नाही. जे शिकलो ते बांधावर, चावडीवर आणि भांडणांत. त्याचा मला ताठा होता.

मार्गशीर्षातली अमावास्या होऊन आठ दिवस झाले असतील. आभाळ धरलेलं, थंडी, पाऊस नाही. मणी मिरीएवढे झाले होते. बाईंचा निरोप आला म्हणून सायकल काढून गेलो. बागेत बाई होत्या, पलीकडच्या ओळीत शेजारची तानूबाई खुरपत होती, आणि बांधावर महिपती उभा होता.

"आप्पा," बाई म्हणाल्या, "पानाला सुकटीचा वास येतोय."

तानूबाई खुरपं टाकून हसली. "अगं द्वारके, म्हायेरची याद आली आन् पानाला कालवणाचा वास यायला लागला व्हय तुला! दिराला सांग, जेवायला वाढा म्हणून."

महिपती हसला नाही. "वयनी, रोग हाय म्हणता तर तसं सांगा की. कुदळी तयार हायत."

माझं डोकं तिथंच फिरलं. मी बाग वाचवायला आलो होतो, आणि हा कुदळीची भाषा करत होता. मी एक पान ओरबाडलं, कोरड्या अंगठ्यानं पुसलं. पांढरं निघालं. ते मी त्याच्या नाकासमोर धरलं.

"ह्यो रोग? राख हाय ही! अमुशाला तुमच्या वयनीनं सवताच्या हातानं उधळलीया. पाच गावच्या बागा बघितल्यात मी, महिपतराव. बाग निरोगी हाय. कुदळ लावाल तर गाठ माझ्याशी हाय!"

"आप्पा, बोट ओलं करून पुसा की," बाई हळूच म्हणाल्या. "राख चरचरती. हे चरचरत न्हाय. पिठावानी लागतंय."

"बाई, तुमी गप ऱ्हावा. तुमच्याच बाजूनं बोलतोय मी."

 त्या दिराकडं वळून म्हणाल्या, "भावजी, बारामतीवरनं गंधक आणा थोडा. फडक्यात बांधून सकाळच्याला झटकीन मी."

महिपतीनं माझ्याकडं पाहिलं. आता मात्र तो हसला. "गंधक कशाला, वयनी? राख हाय ती. तुमच्या पुढाऱ्यानंच सांगितलं न्हवं का?"

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की आणा गंधक, बघू. पण दिलेला शब्द त्याच्यासमोर फिरवायचा कसा? कऱ्हाटीत सभा होती. मी सायकलवर बसलो आणि गेलो.

बाईंनी पुन्हा निरोप धाडला नाही. तीन आठवड्यांनी मी आपण होऊन गेलो. मणी करडे, दगडासारखे टणक झाले होते. बरेच उकलले होते, आतल्या बिया दिसत होत्या. पानं कडेनं वर वळली होती. बागेत शिरताच वास आला. सुकटीचाच. आता तो मलाही येत होता.

माघी पौर्णिमा झाली आणि कुदळ लागली. महिपती, दोन गडी आणि द्वारकाबाई. मीही गेलो होतो, कशाला ते माहीत नाही. गाठ माझ्याशी आहे म्हणालो होतो, पण महिपतीनं बोली पाळली होती. त्याच्याशी भांडायला माझ्याकडं काही नव्हतं. गडी मुळं तोडत होते, बाई वेल ओढून काढत होत्या आणि काथ्यानं मोळ्या बांधत होत्या. दुपारपर्यंत निम्मी बाग मोकळी झाली. कुणी रडलं नाही. 

उन्हं कलल्यावर बाईंनी तीन दगड मांडले, त्याच वेलाच्या वाळक्या काड्या घातल्या आणि चहा केला. मला वाटीत दिला. मी प्यालो. गोड होता.

मग त्यांनी दोन पानं आणली. एक उपटलेल्या वेलाचं, पांढरं. दुसरं बांधावरच्या चाफ्याचं. त्याच्यावर त्यांनी चुलीतली चिमूटभर राख टाकली. बोट ओलं केलं. चाफ्याचं पान पुसलं, बोटाखाली चरचरलं, खाली स्वच्छ हिरवं निघालं. वेलाचं पुसलं. आवाज आला नाही. पांढरं निघालं, पण खाली तपकिरी जाळी राहिली, कोळ्यानं विणल्यासारखी.

"भुरी," त्या म्हणाल्या. "राखंच्या खाली हुती, म्हणून दिसली न्हाय." मग ते पान माझ्या हातात देत, "तुमी बोट ओलं केलं न्हाय, आप्पा." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या जागी आता ऊस आहे. द्वारकाबाई त्यातच खुरपतात. कामाला खाडा असला की कुणी ना कुणी बोलावतं. कऱ्हाटीत एका मोसंबीच्या बुंध्याला डिंक सुटला होता. मालक म्हणाला, झाडाला उष्णता झाली, पाणी वाढवतो. बाईंनी नखानं साल खरवडली, हुंगली. "आत कुजलीया. पाणी खोडाला भिडू देऊ नका. आळं लांबनं करा." इंदापुरात लिंबाच्या पानावर खरबरीत फोड होते. त्यांनी डोळे मिटून पानाच्या दोन्ही अंगांनी बोट फिरवलं. "आरपार हाय. ह्यो खैऱ्या. ह्या झाडाचा कोयता त्या झाडाला लावू नका."

तिन्ही नमुने मी पुण्याला, शेतकीचं शिकलेल्या एका गृहस्थांकडं नेले. ते म्हणाले, भुरी आणि डिंक्या या बुरश्या, खैऱ्या हा सूक्ष्म जंतूंचा रोग. बाईंचं तिन्ही बरोबर आहे. मी परत येऊन सांगितलं.

"जंतू दिसत्यात का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय. बारीक बघायच्या दुर्बिणीतनं दिसत्यात."

"मग तुमी डोळ्यांवर एवढं कशाला जाता?" असं म्हणून त्या खुरपायला लागल्या.

द्राक्षाच्या बागेत गेल्या की त्या मालकाला एकच सांगतात, तेच मी इथं लिहितो. अमावास्येला राख जरूर टाका, पण एक वेल कोरा सोडा. त्यावर पांढरं दिसलं तर बोट ओलं करा, पुसा, हुंगा, आणि त्याच दिवशी गंधक आणा. येती अमावास्या जवळ आली आहे. रांजण उघडण्याआधी बागेत जा आणि कुठला वेल कोरा सोडायचा त्याला आजच चिंधी बांधा.