केरबाचा पास

कोल्हापुरात फुटबॉलची मॅच बघायला जाणाऱ्याला पेठ असावी लागते. आपल्या तालमीच्या पोरांसाठी ओरडायचं, पंचाला शिव्या घालायच्या आणि घसा बसवून घरी यायचं. आमच्या गल्लीतले गणूआबा मात्र गोलपोस्टच्या मागे एकटे उभे राहायचे आणि दोन्ही टीमसाठी ओरडायचे. एखादा तापून विचारायचा, "पावणं, कुठल्या पेठंचं तुमी?" आबा मान न वळवता सांगायचे, "गिरणीचा."

गिरणीची फुटबॉल टीम दुसऱ्या महायुद्धाच्या आधी निघाली आणि महायुद्ध सुरू झाल्यावर मोडली. आबा तेव्हा विशीतले, सूतखात्यात कामाला. खात्यात सगळ्या पेठांची माणसं होती. खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, फुटबॉलचा वेडा; त्यानं त्यातले अकरा गडी निवडले. एकेक गडी वाघ, पण टीम हरायची. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. प्रत्येक जण बॉल आपल्या पेठेच्या गड्यालाच द्यायचा. दुसऱ्या पेठेचा माणूस गोलसमोर मोकळा उभा असला, तरी त्याच्याकडे बघायचा नाही. शेवटी जॉबरनं फर्मान काढलं: पास द्यायचा तो दुसऱ्या पेठेच्या गड्यालाच. जो चुकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

"पैल्यांदा रोज मीच चा पाजत हुतो," आबा सांगायचे. "मग पाय शिकलं. डोस्कं लई मागनं आलं."

डोकं आलं ते केरबामुळे. केरबा पलीकडच्या पेठेचा. त्या पेठेशी आमचं इतकं वाकडं, की मिरवणुका समोरासमोर आल्या की डोकी फुटायची. गिरणीत आबा आणि केरबा एकाच डब्यातली भाकरी खायचे. गिरणीची टीम जिंकू लागली, आणि मग एकदा तिची गाठ आमच्याच तालमीशी पडली. आबांनी आपल्या पेठेविरुद्ध उतरू नये, असा तालमीतून निरोप आला. आबा उतरले. मॅच संपत आली तेव्हा केरबा बॉल घेऊन गोलसमोर पोचला होता. स्वतः मारला असता तर गोल त्याचाच होता. पण आमचा बॅक अंगावर येताना बघून त्यानं बाजूला पास दिला आणि आबांनी तो आत घातला. आमची तालीम हरली.

त्याच संध्याकाळी तालमीचं दार आबांना बंद झालं. तेव्हाचे वस्ताद म्हणाले, मारुतीपुढं 'चुकलो' म्हण आणि ये. गिरणीकडून खेळल्याबद्दल बाकीच्या गड्यांनाही आपापल्या तालमीत हेच ऐकावं लागलं होतं. पुढे लढाई पेटली. गिरणीत लष्कराचं कापड निघू लागलं, रात्रंदिवस पाळ्या लागल्या. अकरा गडी तीन पाळ्यांत वाटले गेले आणि टीम पुन्हा कधी एकत्र मैदानावर आलीच नाही. भांडण नाही, तंटा नाही, क्लब विरून गेला. गडी एकेक करून 'चुकलो' म्हणून आपापल्या तालमीत परतले. केरबा पलटणीत भरती झाला आणि लढाईतून परत आला नाही. दाराबाहेर राहिले ते एकटे आबा.

मी कॉलेजात असताना तालमीच्या टीममध्ये खेळायचो. आबा तालमीची पायरी चढत नसत, पण गल्लीत मला अडवून शिकवायचे. "बॉलकडं काय बघतुयास लेका? त्यो कुठं पळून जात न्हाय. मोकळा गडी कुठं हाय ते बघ!" माझा खेळ सुधारला तो त्यांच्यामुळे. म्हणूनच असेल, आमच्या वेळच्या वस्तादांनी समेटाचा निरोप घेऊन मलाच पाठवलं. आबा दारात आरसा टेकवून दाढी करत होते.

"आबा, एकच शब्द आहे. म्हणून टाका. तुम्हालाही बरं वाटेल."

"कशाला चुकलो म्हणू? गोल घातला म्हणून?"

"तसं नाही. आपल्या पेठेविरुद्ध..."

"गोल माझा एकट्याचा न्हवता. पास केरबाचा हुता." त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "मी चुकलो म्हणालो, तर त्याचा पास बी चुकलाच की. त्यो आता सांगाय येणार हाय व्हय, बरोबर दिलता म्हणून? वस्तादाला सांग, तालीम चुकली म्हणा. उड्या मारत येतो."

मी मान खाली घालून निघालो. इतकी वर्षं त्यांनी जे जपलं, ते एका शब्दात टाकून द्या, असं सांगायला मी गेलो होतो. त्यांच्यापाशीच खेळ शिकून. मागून आबांची हाक आली, "आरं, चा तरी पिऊन जा!" ते रागावले असते तर माझं ओझं हलकं झालं असतं.

आमच्या पेठेत तालमीच्या गड्याची तिरडी तालमीच्या दारात थांबवतात आणि वस्ताद बाहेर येऊन हार घालतात. आबा गेले त्या दिवशी वस्ताद हार घेऊन पायरीवर उभे होते. डोळे भरलेले. "आता कसलं चुकलो नि फिकलो," ते म्हणाले. "थांबवा. आपलाच गडी हाय."

पुढच्या खांद्याला मी होतो. मी थांबलो असतो तर मागचेही थांबले असते, आणि जिवंतपणी ज्याला कुणी वाकवू शकलं नाही, त्याला आम्ही मेल्यावर न विचारता आत घेतलं असतं. वस्तादांच्या नजरेला नजर द्यायचं धाडस मला झालं नाही. मी एवढंच म्हणालो, "चला."

मागून कुणीतरी मला शिवी हासडली. पायरी मागे पडली. कोपऱ्यावर खांदा बदलताना मी वळून पाहिलं. वस्ताद हार हातात घेऊन तालमीच्या पायऱ्या उतरले होते आणि टीमच्या सगळ्या पोरांना घेऊन आबांच्या मागून चालत येत होते.