बांधापर्यंतच्या आठवणी

माझ्याकडे कुणी बाड घेऊन आलं की मी आधी विचारते, मुद्रितशोधन हवंय की संपादन? लोक म्हणतात, एकच ना ते! एकच कसं असेल? मुद्रितशोधन म्हणजे घर झाडून देणं. संपादन म्हणजे बंद खोलीचं दार वाजवून आत काय आहे ते विचारणं. त्यात माणसं दुखावतात, म्हणून हल्ली मी झाडूच बरा समजते.

खांदा कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गुरुजींनी आठवणी लिहिल्या. मूळचे उरणकडच्या मिठागरवाल्या घरातले, नोकरी शाळामास्तरची. "फक्त शुद्धलेखन बघ," त्यांनी बजावलं. "माझ्या वाक्यांना हात लावायचा नाही."

वाचताना पाहिलं, तर एकच प्रसंग चारदा आलेला. उधाण आलं, मिठागराचा बांध फुटला, सगळे माती टाकायला धावले. दरवेळी तिथेच प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात बदली, नवी शाळा, गॅदरिंग. मला वैताग आला. म्हातारपण, दुसरं काय!

शेवटी त्यांच्या बायकोला, काकींना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

"आमची पयली पोर मिठागरावरच्या खोपीत निजली व्हती, बाय. आमी सगली बांधावर. मी बी. पानी खोपीत शिरला." त्या पुन्हा देठ मोडू लागल्या. "ते माज्याशी कदी बोललं नाय. लिवतील तरी, म्हनून मी गप हाय. तू इचार ना त्यांना."

मी विचारलं. म्हटलं, "गुरुजी, बांध चारदा नको, एकदाच फुटू दे. पण पुढचं लिहा."

"तुला शुद्धलेखनासाठी दिलंय," ते म्हणाले. "जमत नसेल तर परत दे."

आवाज चढला नव्हता. त्यांनी बाड मिटून माझ्याकडे सरकवलं. मला त्यांची फार दया आली, आणि काकींची त्याहून जास्त. मी वेलांट्या बघितल्या, अनुस्वार दिले आणि बाड छापायला गेलं.

पुस्तक आलं त्या संध्याकाळी काकी एक प्रत घेऊन खाली आल्या. गुरुजींनी गावोगावच्या पोरांना अक्षरं शिकवली, घरात मात्र दिव्याखाली अंधार.

"पोरीचं नाव कंच्या पानावर हाय? तवरा पान दाव मना."

खोटं बोलायला जीभ रेटेना, खरं बोलायलाही नाही. चौथ्यांदा बांध फुटतो ते पान मी काढलं आणि त्यांचं बोट धरून शेवटच्या ओळीखाली ठेवलं. "इथे," म्हटलं.

त्या ओळीखाली अर्धं पान रिकामं होतं. काकींनी बोट त्यावरून सावकाश खालच्या कडेपर्यंत नेलं.

"मना वाचता नाय येत, बाय," त्या म्हणाल्या. "पन कोरा कागद कलतो."