कोमलचा अर्ज आणि बांधावरचा दगड

वकिलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. पक्षकारांबरोबर तेही दारात चपला काढून आत येतात आणि मग हलत नाहीत! त्यात मी दर रविवारी दौंडच्या माझ्या ऑफिसात लॉ कॉलेजचे अर्ज भरणाऱ्या पोरांना मदत करते, म्हणजे तर विचारूच नका.

गेल्या वर्षी मांडवगण फराट्याहून बारावी झालेली कोमल आली. परराज्यातलं मोठं कॉलेज. त्यांना शिफारसपत्र, निबंध, इंटरव्ह्यू, सगळं हवं. घरून सांगितलेलं, यंदा जमलं तर जमलं, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. एकच अर्ज, एकच संधी.

* * *

शिफारसपत्र तिच्या मामांनी आणलं. साखर कारखान्याच्या एका संचालकांचं, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासकट! "सदर कुटुंब तीन पिढ्या आमच्याच पॅनेलसोबत असून कधीही फुटलेले नाही. तरी प्रवेश द्यावा."

"मामा, यात कोमल कुठंय?"

"मॅडम, घर आलं म्हंजी पोरगी आलीच की!"

शेवटी पत्र तिच्या इतिहासाच्या बाईंनी लिहिलं. मामांना ते अजून पटलेलं नाही, कारण त्यावर शिक्का नव्हता.

* * *

फॉर्मवर 'अनुभव' असा रकाना होता. कोमलनं त्यात लिहिलं, 'निरंक'.

"घरी काहीच करत नाहीस?"

"काय न्हाई. पाण्याच्या पाळ्या लिव्हते."

नदीवरून आणलेल्या एका पाइपलाइनवर अकरा घरं. कुणी कधी मोटर लावायची, वीज गेली तर कुणाचे तास बुडाले आणि ते कसे भरून द्यायचे, हे ही पोरगी नववीपासून ठरवत होती! मी वही मागवली. शेवटच्या पानावर नियम होते. त्यातला एक: 'पाळ्या लिहिणाऱ्याच्या घराची तक्रार आली, तर ती दुसऱ्याने ऐकावी.'

मला हे तत्त्व लॉ कॉलेजात जाऊन शिकावं लागलं होतं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. एकदा आमचीच तक्रार आली. मी ऐकाया बसले, तर समदे हसाया लागले."

मी वही मिटून तिच्या हातात दिली. आणि रकान्यातलं 'निरंक' खोडायला लावलं.

* * *

पहिला निबंध मोबाईलवरून उतरवलेला. 'लहानपणापासून मला न्यायाची ओढ आहे.' त्या रविवारी ओढ असलेली ही तिसरी! मी तो परत पाठवला.

पुढच्या रविवारी दोन पानं आली. मी उभ्यानं वाचायला लागले आणि खाली बसले. तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, बांधावरचा खुणेचा दगड शेजारच्या नानांच्या रानात दोन हात सरकवला होता. आठ वर्षं दोन्ही घरांत बोलणं बंद. आप्पा म्हणत, दगड होता तिथंच आहे. शेवटची ओळ: 'मी दहा वर्षांची होते. पहार मीच नेऊन दिली होती.'

"अगं, 'एका शेतकऱ्यानं' असं लिही," मी म्हटलं.

"मग पहारबी दुसऱ्याच पोरीनं नेली म्हणू का?"

"आप्पांना माहितीय?"

"आज वाचून दाखवते. न सांगता धाडलं, तर ती चहाडी व्हईल."

इतक्या वर्षांत कोर्टात मी पुष्कळ धीट माणसं पाहिली. अशी नाही.

* * *

चार दिवसांनी तिच्या आईचा फोन. "मॅडम, हे म्हशीशी बोलत्यात, आमच्याशी न्हाई!"

अर्ज तसाच गेला.

* * *

कोमल आता तिकडच्या हॉस्टेलात आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर ते विचारायचं तुम्ही विसराल.

ऑनलाइन इंटरव्ह्यू माझ्याच ऑफिसात होता. आप्पा तिला गाडीवर घेऊन आले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बाकावर बसले. स्क्रीनवर तिघं. त्यातल्या एक बाई मराठी निघाल्या. निबंध समोर धरून त्यांनी विचारलं, "उद्या वडीलच तुमचे अशील म्हणून आले आणि म्हणाले, दगड तिथंच होता, तर?"

मला आप्पांकडे बघवेना.

"मी म्हणंन, आप्पा, आधी दगड जागेवर ठेवा. मग केस बघू."

आप्पा उठले. मी हातानं खुणावत होते, बसा, बसा! ते सरळ लॅपटॉपसमोर जाऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली.

"सकाळीच ठेवलाय, बाई. तुमी हिला घ्या, न्हाईतर नका घेऊ. दगड आता हलत न्हाई."