रिकाम्या हातानं फिरणं

बाबांना अटॅक येऊन गेला, त्या हिवाळ्यात मी मुद्दाम माहेरी राहिले. गोंदियाच्या डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. नाडी मोजणं बाबांना काही जमेना, म्हणून डॉक्टरांनी सोपी खूण दिली: चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की हृदयाला जास्त होतंय असं समजायचं आणि थांबायचं.

शहरात ठीक आहे हो हे! आमच्या गोरेगावकडच्या खेड्यात उगाचच कोण फिरतं? पहिल्याच सकाळी दारादारातून सुरू झालं, "जय भीम! कुठं जाऊन राहिले जी?" बाबा म्हणाले, "कुठीच नाही." लोक हसले. दुसऱ्या दिवशी बाबांनी विळा घेतला, आणि येताना डोक्यावर गवताचा भारा! गळ्याची शीर थाडथाड उडत होती. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, मरायचंय का तुम्हाला?"

"मंग काय हात हलवत फिरू? मी काय साहेब आहो?"

विळा काही सुटला नाही, भारा तेवढा बंद झाला. पण बोलणार कोणाशी? बाबा मुळात घुमे. शेवटी मी आईलाच सोबत धाडलं. जन्मभर त्यांच्या मागेमागे चाललेली बाई ती. "बाजूनं चाल," मी दटावलं, "आणि सारखं काहीतरी विचारत राहा." दोघं बांधावरून निघाली की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आई लाजायची, पण जायची. मला एकच धास्ती, बाबांचं बोलणं कधी तुटेल. दोघं परत आली की मी आईला विचारायची. ती म्हणायची, "नाही वं, चांगले बोलतेत."

एका सकाळी दोघं लवकरच परतताना दिसली. बाबांनी आईचं मनगट घट्ट धरलं होतं, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. विळा बांधावरच राहिला होता. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

"तुह्या मायले गोंदियाले नेऊ," बाबा म्हणाले. "चार दिसापासून मीच बोलून राहिलो. काही विचारलं तं नुसती मान हलवते. आज म्हटलं, तोंडानं सांग. तं तिले सांगताच नाही आलं."

आई पायरीवर बसून दम खात होती. जरा वेळानं मला म्हणाली, "मले वाटलं, डॉक्टरनं त्याईलेच बोलाले सांगतलं."